पोटाची कळ घराण्यातून येते का?
आरोग्य पान



कुंभारीत आणि आजूबाजूच्या वस्त्यांमध्ये आरोग्याच्या कामासाठी फिरताना एक वाक्य मला वारंवार ऐकू येतं. "सिस्टर, यांच्या घराण्यातच पोटदुखी आहे. याच्या बापाला होती, आता याला." हे सांगताना कुणाचा आवाज दबलेला असतो, तर कुणाच्या आवाजात राग असतो. राग बहुतेक वेळा सुनेवर किंवा तिच्या माहेरावर निघतो. काही घरांत तर असा आजार लग्न जमेपर्यंत लपवून ठेवतात.

या महिन्यात आपण अशाच एका आजाराची माहिती घेऊ. त्याचं नाव स्वादुपिंडाचा दाह. डॉक्टर त्याला पॅन्क्रियाटायटिस म्हणतात. त्यातला काही भाग खरोखरच आईबापाकडून मुलांकडे येतो. पण नेमकं काय येतं आणि काय येत नाही, हे कळायला शास्त्रज्ञांना प्रयोगशाळेतल्या उंदरांची मदत घ्यावी लागली. ही गोष्ट ऐकली की घराण्याला दोष देण्याची सवय थोडी तरी कमी होईल, आणि घरच्यांना वाचवण्यासाठी काय करायचं तेही कळेल.

स्वादुपिंड काय करतं?

आपल्या जठराच्या मागे, पाठीच्या कण्यासमोर आडवा पसरलेला एक अवयव आहे, तो म्हणजे स्वादुपिंड. त्याची दोन कामं. एक, इन्शुलिन तयार करून रक्तातली साखर ताब्यात ठेवणं. दुसरं, अन्न पचवणारा रस तयार करून लहान आतड्यात पाठवणं. भाकरी, डाळ, तेल, मटण, जे काही आपण खातो ते या रसाने विरघळतं.

या रसात ट्रिप्सिन नावाचं एक पाचक द्रव्य असतं. ते मांस, डाळ, अंडी यांतली प्रथिनं कापतं. पण आपलं शरीरही प्रथिनांचंच बनलेलं आहे. मग हे ट्रिप्सिन स्वादुपिंडालाच का कापत नाही?

आपल्याकडे विडी वळणाऱ्या बायका भरपूर आहेत, म्हणून त्यांच्या कात्रीचं उदाहरण देते. पान कापायची कात्री धारदार असते. ती पिशवीत तशीच टाकली तर पिशवी फाटेल. म्हणून दोरीने बांधून न्यायची आणि कामाला बसल्यावरच सोडायची. स्वादुपिंड हेच करतं. ट्रिप्सिन ते 'बांधलेल्या' रूपात तयार करतं. त्या रूपाला ट्रिप्सिनोजेन म्हणतात. ही कात्री आतड्यात पोचली की तिथलं दुसरं एक द्रव्य दोरी सोडतं, आणि मग पचनाचं काम सुरू होतं.

एखादी कात्री वाटेतच, म्हणजे स्वादुपिंडातच सुटली तर? त्यासाठी शरीराने दोन राखणदार ठेवले आहेत. पहिल्याचं नाव स्पिंक-१. तो सुटलेल्या कात्रीची पाती घट्ट धरून ठेवतो. दुसऱ्याचं नाव सीटीआरसी. तो कात्रीचे तुकडे करून ती निकामी करतो.

हे राखणदार कमी पडले की पाचक रस स्वादुपिंडालाच खायला लागतो. त्यातून सूज येते आणि असह्य कळ येते. १८९६ साली प्राग शहरातले हान्स कियारी या शास्त्रज्ञांनी हाच विचार मांडला होता, की या आजारात स्वादुपिंड स्वतःलाच पचवतं. पण तसं का होतं, हे कळायला पुढे बरोबर शंभर वर्षं गेली.

घराण्यातला दोष कसा सापडला?

१९५२ साली अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या डॉक्टरांनी एकाच कुटुंबातल्या अनेक माणसांना हा आजार असल्याची नोंद केली. त्यानंतर अशी आणखी कुटुंबं सापडत गेली. १९९६ साली डॉ. डेव्हिड व्हिटकॉम्ब आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या कुटुंबांमधला दोष नेमका शोधून काढला.

आपल्या पेशींमध्ये जनुकं असतात. शरीरातली द्रव्यं कशी बनवायची, याची ती लिखित कृती आहे असं समजा. अर्धी आईकडून मिळतात, अर्धी वडिलांकडून. ट्रिप्सिनची कृती ज्या जनुकात आहे त्याचं नाव पीआरएसएस-१. या कुटुंबांमध्ये त्या कृतीतलं एकच अक्षर बदललं होतं. त्यामुळे ट्रिप्सिनच्या साखळीतला १२२ क्रमांकाचा मणी बदलला. ट्रिप्सिन निकामी करताना ते नेमकं याच जागी तोडलं जातं. मणी बदलल्यामुळे कात्री तिथे तुटेना. एकदा सुटली की ती कापतच राहते. या बदलाला 'आर-१२२-एच' म्हणतात. आई किंवा वडील यांपैकी एकाकडे हा बदल असेल, तर प्रत्येक मुलाला तो मिळण्याची शक्यता निम्मी असते, मग तो मुलगा असो की मुलगी.

२००० साली जर्मनीतल्या संशोधकांनी लहानपणीच आजारी पडलेल्या मुलांमध्ये दुसरा दोष शोधला. तो पहिल्या राखणदाराच्या, म्हणजे स्पिंक-१ च्या जनुकात होता.

आपल्या बाजूची गोष्ट हैदराबादची

भारतात या आजाराचा एक वेगळा प्रकार दिसतो. दारूला कधी शिवलेलाही नाही अशा तरुण माणसाला पोटदुखी सुरू होते, स्वादुपिंडाच्या नळीत खडे होतात आणि पुढे मधुमेह होतो. केरळमध्ये डॉ. पी. जे. गीवर्गीस यांनी असे पुष्कळ रुग्ण तपासून त्यांची नोंद ठेवली. तेव्हा हा गरिबांचा, पोटभर अन्न न मिळणाऱ्यांचा आजार आहे असं मानलं गेलं. ज्या कंदापासून साबुदाणा बनतो त्या टॅपिओकावरही संशय घेतला गेला.

सोलापूरहून मोठ्या उपचारांसाठी लोक पुण्या-मुंबईला जातात, तसे हैदराबादलाही जातात. त्या शहरात 'सीसीएमबी' ही केंद्र सरकारची संशोधन संस्था आहे. तिथले डॉ. गिरिराज चांडक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी या भारतीय रुग्णांची जनुकं तपासली. रुग्ण पाहण्याचं काम त्याच शहरातल्या एशियन इन्स्टिट्यूट ऑफ गॅस्ट्रोएन्टरॉलॉजीतल्या डॉक्टरांचं होतं. २००२ साली त्यांनी निष्कर्ष जाहीर केला. अमेरिकेतल्या कुटुंबांमध्ये सापडलेले पीआरएसएस-१ चे दोष या रुग्णांमध्ये नव्हते. पण स्पिंक-१ चे दोष निरोगी माणसांपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात होते. म्हणजे आपल्याकडे कात्री ठीक होती, राखणदार कमजोर होता.

पण यात एक कोडं राहिलं. स्पिंक-१ चा तोच दोष काही निरोगी माणसांमध्येही सापडत होता. तो असलेल्या बहुतेकांना आयुष्यभर काहीच होत नाही. मग जनुकातल्या दोषामुळे आजार होतो असं म्हणायचं की नाही? माणसांवर याचा प्रयोग करता येत नाही. कुणाच्या शरीरात मुद्दाम दोष घालून बघणं हा गुन्हा आहे. म्हणून शास्त्रज्ञ उंदरांकडे वळले.

जनुक बदललेला उंदीर म्हणजे काय?

उंदराचं स्वादुपिंड बरंचसं आपल्यासारखं चालतं. त्यालाही ट्रिप्सिन असतं आणि राखणदारही असतात. त्याची पिढी काही महिन्यांत वाढते, त्यामुळे आजोबांपासून नातवापर्यंतचा प्रवास लवकर पाहता येतो. उंदराचं ठरावीक जनुक बंद करण्याची किंवा बदलण्याची पद्धत मारिओ कापेची, मार्टिन इव्हान्स आणि ऑलिव्हर स्मिथीज यांच्या कामातून पुढे आली. त्यासाठी त्यांना २००७ सालचं नोबेल पारितोषिक मिळालं. या पद्धतीत बदल अगदी सुरुवातीच्या गर्भातून घेतलेल्या मूळ पेशींमध्ये केला जातो. पुढे तो पिल्लांमध्ये वंशाने उतरतो.

आता या उंदरांनी काय शिकवलं ते एकेक करून पाहू.

पहिली गोष्ट. जर्मनीतल्या संशोधकांनी २००० साली कॅथेप्सिन-बी नावाच्या द्रव्याचं जनुक उंदरात बंद केलं. हे द्रव्य पेशीच्या आत कात्रीची दोरी सोडू शकतं असा संशय होता. ते नसलेल्या उंदरांमध्ये ट्रिप्सिन कमी सुटलं आणि स्वादुपिंडाचं नुकसानही कमी झालं. संशय खरा ठरला. त्यानंतर हैदराबादच्या गटाने आपल्या रुग्णांमध्ये हेच जनुक तपासलं आणि २००६ साली त्यातल्या बदलांचा या आजाराशी संबंध असल्याचं दाखवलं.

दुसरी गोष्ट. जपानमधल्या कुमामोतो विद्यापीठात २००५ साली राखणदाराचं जनुक पूर्ण बंद केलेले उंदीर तयार केले. उंदरांमध्ये त्या जनुकाला स्पिंक-३ म्हणतात. ज्या पिल्लांमध्ये आईकडचं आणि बापाकडचं अशी दोन्ही जनुकं बंद होती, त्यांचं स्वादुपिंड खराब झालं आणि ती दोन आठवड्यांत मेली. ज्यांचं एकच बंद होतं, ती नेहमीच्या पिल्लांसारखी वाढली. म्हणजे निम्मा राखणदारही रोजचं काम निभावून नेतो. निरोगी माणसांत हा दोष का सापडतो, ते इथे कळायला लागलं.

तिसरी गोष्ट. अमेरिकेतले डॉ. मिक्लोश शाहिन-टोथ यांच्या प्रयोगशाळेने २०१८ साली असे उंदीर तयार केले, ज्यांच्या कात्रीची दोरी आपोआप सुटायची. त्यांना बाहेरून काहीही न करता लहान वयातच दाह सुरू झाला आणि तो जुनाट होत गेला. म्हणजे दोष फार मोठा असेल, तर तो एकटाही आजार आणू शकतो.

चौथी गोष्ट आपल्यासाठी सगळ्यात महत्त्वाची. २०२० साली मेयो क्लिनिकच्या संशोधकांनी माणसातलं दोष असलेलं जनुक, तेच आर-१२२-एच, उंदरांमध्ये घातलं. मग औषधाची सुई देऊन त्यांच्या स्वादुपिंडाला मुद्दाम दाह आणला. साध्या उंदरांपेक्षा या उंदरांचा दाह जास्त तीव्र झाला. आणि एका झटक्यानंतर या सगळ्याच उंदरांचा आजार पुढे जुनाट झाला. स्वादुपिंड आक्रसलं, कडक झालं. माणसांत जसं दिसतं तसंच.

याच संशोधकांनी आणखी एक तपासणी केली. त्यांनी दोष असलेलंच, पण कापू न शकणारं ट्रिप्सिन असलेले उंदीरही बनवले. त्यांच्याशी तुलना केल्यावर नक्की झालं की त्रास ट्रिप्सिनच्या कापण्यामुळेच होतो. ट्रिप्सिनला रोखणारं आणि रक्ताची गुठळी रोखणारं अशी दोन औषधं एकत्र दिल्यावर उंदरांमध्ये आजार जुनाट होणं टळलं. पण हे यश उंदरांमधलं आहे. माणसांमध्ये हा आजार मुळापासून थांबवणारं औषध अजून बाजारात आलेलं नाही. रक्त पातळ करायच्या गोळ्या आपल्या मनाने घेऊ नका, जिवावर बेतेल.

यातून घरच्यांनी काय समजायचं?

वंशातून बहुतेक वेळा आजार येत नाही, जोखीम येते. या जोखमीवर एखादा घाव पडला की आजार सुरू होतो. दारू हा मोठा घाव आहे. विडी-सिगारेट हा दुसरा. दारू न पिणाऱ्यालाही नुसत्या धूम्रपानाने या आजाराचा धोका वाढतो, हे अनेकांना माहीत नसतं. पित्ताशयातले खडे आणि रक्तात फार वाढलेली चरबी हीसुद्धा कारणं आहेत.

आपल्या कुंभारीत गोदूताई परुळेकर वसाहतीसारखी विडी कामगारांची हजारो घरं आहेत. विडी हे आपल्या बायांचं पोट आहे, त्याबद्दल मी काही म्हणत नाही. पण घरात वळलेली विडी घरातलाच माणूस दिवसाला बंडल-बंडल ओढत असेल आणि त्याच्या वडिलांना हा आजार होऊन गेला असेल, तर त्याच्यासाठी ती विडी साधी राहिलेली नाही. जनुक बदलणं त्याच्या हातात नाही, विडी टाकणं आहे.

जन्मावरून माणसाचं सगळं ठरतं, हे आपल्याला पिढ्यान् पिढ्या ऐकवलं गेलं. तेच आपण आपल्या सुनेला किंवा लेकराला ऐकवू नये. जनुक आईकडून येतं तसं बापाकडूनही येतं. त्यात पूर्वजन्मीचं पाप नाही, कुणाची करणी नाही आणि माहेरचा डागही नाही.

नात्यातल्या लग्नाबद्दल मात्र विचार करा. मामाची मुलगी किंवा आत्याचा मुलगा करण्याची पद्धत आपल्या भागात आहे. दोघांच्या आजी-आजोबांकडून एकच दोष आलेला असेल, तर मुलाला त्याच्या दोन्ही प्रती मिळू शकतात. एका प्रतीने भागत होतं, दोन्हींमध्ये दोष असला की जोखीम बरीच वाढते.

ही लक्षणं ओळखा

पोटाच्या वरच्या भागात तीव्र कळ येते आणि ती पाठीत जाते. सोबत उलट्या होतात. पुढे वाकून बसलं की थोडं बरं वाटतं. असं झालं तर ॲसिडिटीची गोळी देऊन वाट बघू नका, भगताकडे नेऊ नका. १०८ ला फोन करा किंवा मिळेल त्या वाहनाने दवाखाना गाठा. कुंभारीत अश्विनी ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालयाचं रुग्णालय आहे, सोलापुरात सिव्हिल आहे. तिथे रक्तातलं अमायलेज किंवा लायपेज तपासतात, सोनोग्राफी किंवा सीटी स्कॅन करतात.

जुनाट आजाराची लक्षणं वेगळी असतात. कळ अधूनमधून येते. वजन घटत जातं. शौच तेलकट, चिकट आणि फार वासाची होते. साखर वाढते. जुनाट आजारात रक्ताचा रिपोर्ट चांगला येऊ शकतो, म्हणून एका रिपोर्टवर "काही नाही" असं मानू नका. लहान मुलाला पुन्हा पुन्हा जोराची कळ येत असेल, तर दर वेळी जंताचं औषध देऊन गप्प बसू नका.

डॉक्टरांना या तीन गोष्टी न विचारता सांगा:
१. घरात आणखी कुणाला असा त्रास होता का, आणि कितव्या वर्षी सुरू झाला.
२. दारू, विडी, सिगारेट किती. लाजू नका.
३. घरात कमी वयात मधुमेह किंवा स्वादुपिंडाचा कर्करोग झाला होता का.

जनुकांची तपासणी सगळ्यांनी करायची गरज नाही. लहान वयात आजार झाला असेल, कारण सापडत नसेल किंवा जवळच्या नात्यात आणखी रुग्ण असतील, तर डॉक्टर ती सुचवतात. तपासणीत दोष सापडला म्हणजे आजार होणारच असं नाही, हे आपण वर पाहिलं.

एकदा झटका येऊन गेला असेल तर दारू आणि धूम्रपान पूर्ण बंद, थोडंसुद्धा नाही. पित्ताचे खडे असतील तर शस्त्रक्रिया पुढे ढकलू नका. तेलकट कमी खा, एकदम पोटभर न खाता थोडं थोडं खा. पाचक द्रव्याच्या कॅप्सूल दिल्या असतील तर त्या जेवणाबरोबरच घ्यायच्या. मध्येच थांबवल्या की वजन पुन्हा उतरतं. साखर तपासत राहा. खर्चाची काळजी असेल तर रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला भेटून महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजनेत काय बसतं ते विचारा. रेशनकार्ड आणि आधारकार्ड सोबत ठेवा.

आणि त्या उंदरांचं काय?

पंचशील घेणाऱ्या आपल्या घरांत हा प्रश्न विचारला जाणारच, आणि विचारलाच पाहिजे. जिवाला इजा करून मिळालेलं ज्ञान घ्यावं का? माझं मत असं की या हिंसेला हिंसाच म्हणावं आणि ती कमीत कमी व्हावी यासाठी आग्रह धरावा. १९५९ साली रसेल आणि बर्च या दोन इंग्रज शास्त्रज्ञांनी तीन तत्त्वं मांडली. प्राण्यांशिवाय काम होत असेल तर प्राणी वापरू नका, लागलेच तर कमीत कमी वापरा, आणि त्यांना वेदना कमीत कमी द्या. आपल्या देशात १९६० चा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणारा कायदा आहे आणि त्याखाली १९९८ चे प्रयोगांबाबतचे नियम आहेत. प्राण्यांवर प्रयोग करणाऱ्या संस्थेला नोंदणी करावी लागते. प्रत्येक प्रयोगाला नीतिसमितीची मंजुरी लागते. पुण्याच्या आयसरमध्ये जनुक बदललेल्या उंदरांसाठी राष्ट्रीय सुविधा आहे, तिलाही हे नियम लागू आहेत.

त्या उंदरांचा जीव गेला, त्यातून कळलं ते हे, की ज्याच्या अंगात जोखीम आहे त्याला पहिल्या झटक्यापासून जपायचं, आणि पहिला आलाच तर दुसऱ्यापासून. हे ज्ञान मासिकाच्या पानावर पडून राहू नये. ज्या घरात "यांच्या घराण्यातच आहे" असं म्हणतात, त्या घरातल्या कर्त्या माणसाला हा लेख वाचून दाखवा. आणि त्या घरातल्या तरुण पोराने विडी किंवा बाटली हातात घेतली असेल, तर त्याच्याशी या आठवड्यातच बसून बोला.